खिशाला झेपणारा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

हौशी लघुपटकारांनी पाठवलेल्या पत्रांत बहुतेकांचा सूर एकच आहे: ‘बजेट एवढं आहे, कोणता कॅमेरा घेऊ?’ दुकानातल्या किमती दर सणासुदीला बदलतात, म्हणून उत्तरांत मॉडेलांचे भाव दिलेले नाहीत. हातातल्या पैशांची वाटणी कशी करावी, एवढं मात्र सांगितलं आहे.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच मित्र १५ मिनिटांचा लघुपट करतोय. वर्गणी काढून ६० हजार जमलेत. दुकानदार म्हणतो कॅनन २००डी मार्क टू घ्या, मित्र म्हणतो सोनीचा झेडव्ही-ई१०. काय घ्यावं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : या दोनांतूनच निवडायचं असेल तर मित्राचं ऐका. २००डी मार्क टू फोटोंसाठी उत्तम आहे आणि फुल एचडी व्हिडिओही नीट करतो. पण ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र) लावलं की दोन गोष्टी हातातून जातात. एक, कॅननचा प्रसिद्ध ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस ४केमध्ये चालत नाही. त्याऐवजी जो फोकस मिळतो तो चाचपडत पुढेमागे होतो, आणि ते चाचपडणं पडद्यावर दिसतं. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. ४केमध्ये हा कॅमेरा सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो, त्यामुळे किट लेन्सचं १८ मिमी टोक फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या साधारण ४७ मिमीसारखं दिसायला लागतं. दहा फुटांवरून जेमतेम पावणेआठ फूट रुंदीचं दृश्य मावतं. तुमचा लघुपट घरात घडत असेल, तर दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवूनही तीन माणसं एका चौकटीत मोकळेपणाने बसणार नाहीत. झेडव्ही-ई१० सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या ४केमध्ये सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो. त्याच्या किट लेन्सच्या १६ मिमी टोकाला तेवढ्याच अंतरावरून पंधरा फूट येतात. तीस फ्रेम लावलीत तर मात्र त्यातही चौकट कापली जाते, तेव्हा पंचवीसवरच राहा.

झेडव्ही-ई१०चे दोषही घेण्याआधी माहीत हवेत. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके झालेले दिसतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात चौकट पुढे सरकलेली असते. हातात धरून धावपळीचे शॉट घेण्याचा बेत असेल तर पटकथा बदला किंवा कॅमेरा. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. काळं कापड डोक्यावर घ्यायची तयारी ठेवा. बॅटरी लहान आहे, किमान तीन लागतील. मेनूमधलं ‘ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर’ पहिल्याच दिवशी ‘हाय’वर ठेवा, नाहीतर दुपारी गरम होऊन कॅमेरा मध्येच बंद पडेल. जमेची बाजू अशी की माईक आणि हेडफोन, दोन्हींसाठी छिद्रं आहेत. २०२३ साली आलेल्या कॅनन आर५० मध्ये पूर्ण रुंदीचं छान ४के आहे, पण हेडफोनचं छिद्र नाही. संवाद असलेल्या फिल्मसाठी ही उणीव छोटी नव्हे.

आता पैशांची वाटणी. बॉडी आणि लेन्स मिळून ४० हजारांच्या पुढे जाऊ नका. नवा त्यात बसत नसेल तर वापरलेला घ्या. आठ हजार आवाजाला, पाच हजार ट्रायपॉडला, दोन हजार एनडी फिल्टरला (लेन्सवर बसवायची, प्रकाश अडवणारी काळी काच), पाच हजार कार्ड आणि बॅटऱ्यांना. कॅमेरा चाळीसच्या आत मिळाला तर उरलेल्यातून वडापाव होतो. साठच्या साठ हजार बॉडीत घातले की पहिल्या दिवशी आवाज कॅमेऱ्याच्या आतल्या माईकवर घ्यावा लागतो आणि फिल्म तिथेच संपते.

एनडी फिल्टरची गरज पुष्कळांना उशिरा कळते, म्हणून हिशेबच मांडतो. पंचवीस फ्रेमला शटर १/५० ठेवायचं, म्हणजे हालचाल डोळ्याला सवयीची वाटते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लख्ख ऊन आणि शटर १/५० असताना बरोबर एक्स्पोजर एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान केल्यावर मिळतं. मागची पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ ४ हवं, म्हणजे पाच स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश अडवला पाहिजे. त्यासाठी एनडी ३२ लागतो. फिल्टर नसला की लोक शटर १/१००० करतात, आणि चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो. कमीजास्त करता येणारा एनडी घेतलात तर तो शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका, चौकटीवर फुलीसारखी काळी छाया पडते. फिल्टर ६७ मिमीचा घ्या आणि छोट्या लेन्ससाठी त्यावर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेत बसू नका.

एस-लॉगचा (रंग नंतर चढवण्यासाठी मुद्दाम फिकं चित्र घेणारी सेटिंग) मोह तूर्त टाळा. झेडव्ही-ई१०चं रेकॉर्डिंग आठ बिटचं, म्हणजे मोजक्या रंगछटांचं आहे. लॉगमधलं करडं चित्र रंगवताना ताणलं की आकाशात आणि भिंतीवर पट्टे उमटतात. साधं पिक्चर प्रोफाइल, केल्व्हिनमध्ये पक्का केलेला व्हाइट बॅलन्स (उन्हात ५६००, पिवळ्या बल्बखाली ३२००) आणि चेहऱ्यावर झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर स्क्रीनवर दिसणारे तिरके पट्टे) ७० च्या आसपास, एवढ्याने काम भागतं.

आणखी एक गोष्ट, दुकानदाराला आवडणार नाही अशी. तुमचं चित्रीकरण चार दिवसांत संपणार असेल तर कॅमेरा विकत घ्यायलाच हवा का? कोल्हापूर तुमच्यापासून तासा-दीड तासावर आहे आणि सिनेमाचं गाव आहे. कॅमेरे भाड्याने मिळतात. अनामत रक्कम आणि ओळखपत्र द्यावं लागतं. पण त्या पैशांत वरच्या दर्जाची बॉडी चार दिवस वापरता येते आणि बाकीचे पैसे माईक, दिवे, कलाकारांच्या जेवणावर खर्च होतात. पाच जणांच्या वर्गणीतून घेतलेला कॅमेरा फिल्म संपल्यावर कोणाच्या घरी राहणार, हा प्रश्नही मग उरत नाही.

प्रश्न : चांगला फोन असताना कॅमेऱ्यावर पैसे घालवायचे का?
– नाशिकचे एक वाचक

उत्तर : पहिल्या दोन फिल्मसाठी नाही. मात्र फोन ‘ऑटो’वर सोडू नका. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप मोफत आहे आणि आयफोन, तसंच बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात पंचवीस फ्रेम, १/५० शटर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस असं सगळं लॉक करा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात पंचवीस फ्रेमचा पर्याय दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा (पाल म्हणजे इथली पंचवीस फ्रेमची पद्धत).

बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहानमोठं करता येत नाही. त्यामुळे उन्हात तो प्रकाश फक्त शटरने आवरतो आणि शटर १/२००० पर्यंत पळतं. क्लिपवर बसणारा एनडी इथेही कामाला येतो. रात्री मुख्य लेन्सवरच राहा. अल्ट्रावाइडचा सेन्सर लहान असतो आणि अंधारात चित्र लगेच किरकिरीत होतं.

दुसरी कुरबूर संपादनाच्या वेळी निघते. फोन स्वतःच्या मर्जीने फ्रेमची संख्या थोडी वरखाली करतो. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि पाचव्या मिनिटाला ओठांच्या पुढेमागे जातो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, पंचवीस लिहून फाइल बदलून घ्या आणि मगच कापाकापीला बसा. प्रोरेसचं (कमी दाबलेल्या, जड फाइलचं) बटण दिसलं तरी ते चालू करण्याआधी जागा मोजा: आयफोनवर ४के प्रोरेसला एका मिनिटाला सुमारे ६ जीबी लागतात.

प्रश्न : गावच्या जत्रेत रात्रभर चालणारे दशावताराचे प्रयोग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. मिररलेस घ्यावा की हँडीकॅम?
– कुडाळहून एक वाचक

उत्तर : तुमच्या कामाला हँडीकॅम, आणि आम्ही हे अगदी ठामपणे सांगतो. मिररलेस (झेडव्ही-ई१०सारखा लेन्स बदलता येणारा कॅमेरा) एका दृश्याला सुंदर दिसतो. सहा तास सलग चालायचं काम त्याचं नव्हे. अनेक जुन्या मिररलेस मॉडेलना सलग रेकॉर्डिंगला अर्ध्या तासाची सीमा असते. ती आली ती युरोपातल्या आयात करामुळे: तीस मिनिटांहून अधिक रेकॉर्ड करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा म्हणून जास्त कराला पात्र ठरायचं, म्हणून कंपन्यांनी २९ मिनिटं ५९ सेकंदांवर कुलूप लावलं. शिवाय देवळासमोरच्या गर्दीमागून राजपार्टाचा (राजाचं काम करणाऱ्या नटाचा) चेहरा जवळ आणायला बारा ते वीसपट झूम लागतो, आणि तेवढ्या झूमची मिररलेस लेन्स कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते.

हँडीकॅम घेताना एकच अट: माईकचं छिद्र असलंच पाहिजे. सोनीचा सीएक्स४०५ स्वस्त म्हणून पुष्कळजण घेतात, पण त्याला बाहेरचा माईक लावताच येत नाही. रात्रीचं काम असल्याने सेन्सर जितका मोठा तितका बरा. वापरलेला सोनी एएक्स१०० मिळाला तर आधी तोच पाहा. २०१४ चं मॉडेल आहे, पण एक इंची सेन्सर आहे, १२ पट झूम आहे, आत एनडी फिल्टर आहेत आणि माईक-हेडफोन दोन्ही आहेत. एएक्स४३ नवा आहे, झूम २० पट आहे, पण त्याचा सेन्सर बराच लहान. मंडपात दिवे कमी असतील तर फरक पडतो.

एक्स्पोजर हाताने लावा. मागे काळोख आणि समोर पांढरं-गुलाबी रंगवलेलं तोंड, यात ऑटोवरचा कॅमेरा काळोख उजळायला बघतो आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा करतो. नाक, डोळे, रेघा काही उरत नाहीत. गणपतीच्या प्रवेशाला चेहऱ्यावर झूम करा, झेब्रा चेहऱ्यावर फक्त कपाळापुरता दिसेल इथवर आयरिस (लेन्सचं छिद्र) कमी करा आणि कुलूप लावा. संकासुराचा वेश काळा असतो. तो आला म्हणून एक्स्पोजर वाढवू नका, काळा काळाच दिसू द्या. शटर १/५०. फोकस बाकड्यावर हाताने लावा. आख्यानाचा (मुख्य कथेचा) बराचसा खेळ त्या बाकड्याच्या आसपासच होतो.

विजेचं : अडॅप्टर लावलेला असला तरी चार्ज केलेली बॅटरी आत असू द्या. जत्रेत कोणाचा तरी पाय वायरीत अडकतोच. फुल एचडीला सेकंदाला ५० मेगाबिटचा दर ठेवलात तर तासाला साधारण साडेबावीस जीबी, म्हणजे सहा तासांना १३५ जीबी लागतात. १२८ जीबीची दोन कार्डं घ्या आणि आडदशावतार (गणपती, संकासुर यांचा सुरुवातीचा भाग) संपून आख्यान सुरू होण्याआधी कार्ड बदला, भरेपर्यंत थांबू नका.

आवाजाला वेगळा रेकॉर्डर हवाच. साउंड सिस्टिमच्या मिक्सरमधून तार घेतलीत तर नटांचे माईक येतील, पण पखवाज, झांज आणि पेटी त्यात पुरेशी येईलच असं नाही. म्हणून रेकॉर्डर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, वादकांपासून थोडा दूर, डोक्याच्या उंचीवर बांधा. पातळी इतकी कमी ठेवा की गजराच्या जोरातही आकडा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. शांत बोलणं नंतर वाढवता येतं, फाटलेला पखवाज दुरुस्त होत नाही. ‘लो कट’ (खर्जातला आवाज गाळणारं बटण) बंद ठेवा, पखवाजाचा धूम त्या खर्जातच असतो. समुद्राकडचा वारा असेल तर माईकवर केसाळ टोपी घाला. रेकॉर्डर बॅटरीवरच चालवा. मिक्सर एका प्लगवर आणि रेकॉर्डर दुसऱ्या प्लगवर असला की दोघांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे सगळ्या प्रयोगभर पन्नास हर्ट्झची गुणगुण बसते.

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं अगदी एकसारखी चालत नाहीत, तासाभरात काही फ्रेमांचा फरक पडतो. प्रत्येक वेळी कार्ड बदललं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि तिथून पुन्हा जुळवा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर मंडळीच्या मालकांना आधी विचारा. त्यांचं पोट पुढच्या गावातल्या प्रयोगावर आहे.

प्रश्न : अमेरिकेत घेतलेला कॅमेरा घेऊन गणपतीत पुण्याला आलो होतो. घरातल्या प्रत्येक व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडला का?
– न्यू जर्सीहून

उत्तर : नाही. तुमच्याकडे वीज ६० हर्ट्झची, इथे ५०. इथले अनेक एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. तिकडच्या सवयीचं १/६० शटर त्या शंभराच्या मापात बसत नाही. म्हणून चौकटीच्या काही ओळींना जास्त प्रकाश मिळतो, काहींना कमी. भारतात असताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. चोवीस किंवा तीस फ्रेमवरही पट्टे जातात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर १/१००. कॅमेरा अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीवरून इथल्या पालवर नेणार असाल तर आधी कार्डातला माल काढून घ्या, कारण सोनीसारख्या कॅमेऱ्यात ती अदलाबदल केली की कार्ड फॉरमॅट करावं लागतं. आधीच घेतलेल्या व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीफ्लिकर’ आहे, पण तो पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे फक्त पिन बदलणारा प्लग पुरतो.

प्रश्न : कॉलरला लावायचा बोयाचा माईक घेतला. फोनवर आवाज येतो, कॅमेऱ्यावर मुळीच नाही. आणि आला तरी घुमतो.
– सोलापूरचे वाचक

उत्तर : तुमचा माईक बीवाय-एम१ असेल तर त्याच्या डबीवर एक खटका आहे. फोनसाठी तो ‘ऑफ/स्मार्टफोन’कडे, कॅमेऱ्यासाठी ‘कॅमेरा’कडे. कॅमेऱ्याच्या बाजूला असताना आत एलआर४४ बटन सेल लागतो. तो संपला की आवाज बंद. काम झाल्यावर खटका परत फिरवा, नाहीतर सेल पेटीतच संपतो. तरीही आवाज आला नाही तर प्लगवरच्या रेघा मोजा. फोनच्या प्लगवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांचा लागतो. काही कॅमेऱ्यांना मधलं कन्व्हर्टर लागतं.

घुमण्याचं कारण बहुधा अंतर. माईक तीन फुटांवरून सहा फुटांवर गेला की बोलणं सहा डेसिबलने उतरतं, भिंतीवरून परतणारा आवाज तेवढा उतरत नाही. हनुवटीखाली एक वीत, ही कॉलर माईकची जागा. पदराखाली लावायचा तर मायक्रोपोरच्या (दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीच्या) दोन उलट्या त्रिकोणी घड्यांमध्ये धरा, कडक इस्त्रीचं सुती कापड माईकवर घासलं की प्रत्येक हालचालीला खरखर येते. कॅमेऱ्यातलं ‘ऑटो लेव्हल’ बंद करा. बोलणं थांबलं की ते पातळी वाढवतं आणि सूऽऽ असा आवाज उपसून आणतं. सर्वांत जोराचे शब्द उणे १२ च्या आसपास आले की पुरे.

पंखा बंद करावाच लागेल. सोलापूरच्या मे महिन्यात हे सांगणं निर्दयपणाचं आहे, पण संवादात मिसळलेली पंख्याची घरघर सॉफ्टवेअरने नीट निघेलच असं नाही. शॉटपुरता बंद, ‘कट’ म्हटलं की चालू. फ्रिजही बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी निघताना तो चालू करायला विसरणार नाही. शेवटी प्रत्येक खोलीतली तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा. संवादाच्या मध्ये तुकडे कापल्यावर पडलेली भोकं याच शांततेने बुजवायची असतात.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावं?
– चंद्रपूरचे वाचक

उत्तर : शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) विचारून थांबू नका, तो आकडा फोटो काढणाऱ्यांच्या उपयोगाचा. व्हिडिओसाठी राबवलेला कॅमेरा वेगळ्या जागी झिजतो. स्वतःचं कार्ड आणि माईक घेऊन जा. कार्ड फॉरमॅट करा, ४के लावून वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करा, शक्यतो पंख्याखाली नव्हे. त्या वीस मिनिटांत माईकची पिन हलकेच हलवत हेडफोनने ऐका. खरखर झाली तर सॉकेट गेलेलं आहे. मायक्रो एचडीएमआय असेल तर तीही टीव्हीला जोडून बघा, ती सगळ्यांत नाजूक असते. फिरणारी स्क्रीन शेवटपर्यंत वळवा, एखाद्या कोनात काळी होते का पाहा. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा. गरगर फिरली तर फुगलेली आहे.

मग लेन्सला झाकण लावा, आयएसओ ३२००, शटर १/५०, तीस सेकंदांची क्लिप. ती संगणकावर उघडल्यावर लाल-निळे ठिपके दोनचार दिसले तर चालतं, अनेक कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगने (खराब ठिपके झाकायच्या सोयीने) ते जातात. आरपार रंगीत रेघ दिसली तर पैसे खिशातच ठेवा. लग्नाच्या वरातीत आणि विसर्जन मिरवणुकीत कॅमेरा थेट लेझरच्या झोतात गेला की सेन्सर असाच जळतो, आणि सेन्सर बदलणं परवडत नाही. लेन्समधून मोबाइलची टॉर्च पलीकडे पाडा. कोळिष्टकासारखे धागे म्हणजे बुरशी. कोकणातून आलेल्या लेन्सला हे विशेष तपासा.

बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. परदेशातून आणलेल्या बॉडीची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही, हे भाव करतानाच सांगा.

प्रश्न : ४केच्या फाइल संगणकावर अडकत चालतात. कार्ड बदलू का?
– पनवेलहून

उत्तर : कार्डाचा संबंध नाही. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, ‘व्ही३०’ लिहिलेलं कार्ड किमान ३० मेगाबाइट सलग लिहितं, ते पुरेसं आहे. तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साधारण ८० मिनिटं. अडकतं ते प्रोसेसरमुळे. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉक्सी (फाइलची हलकी नक्कल) तयार करा, कापाकापी तिच्यावर करा. शेवटी मूळ फाइलमधूनच निर्यात होते. कार्ड मात्र आणल्या दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. नकली कार्डावर १२८ लिहिलेलं असतं आणि आत ३२ असतात. त्याच्या पुढचं सगळं रेकॉर्डिंग दिसतं, पण उघडत नाही.

प्रश्न : मामांचा जुना मिनी-डीव्ही हँडीकॅम मिळाला आहे. त्यावर लघुपट करता येईल?
– साताऱ्याहून

उत्तर : करता येईल, पण ७२० बाय ५७६ चं इंटरलेस (एकाआड एक ओळींनी बनणारं) चित्र मोठ्या टीव्हीवर पसरलेलं दिसेल, आणि ते संगणकात घ्यायला फायरवायर ही जुन्या प्रकारची तार लागेल, यूएसबीतून अनेक मॉडेल फक्त स्थिर फोटो किंवा हलक्या दर्जाचं चित्र देतात. एका तासाच्या कॅसेटचे साधारण १३ जीबी होतात. या यंत्राचं आजचं खरं काम म्हणजे घरातल्या जुन्या कॅसेट वेळेत उतरवून घेणं. त्याआधी प्रत्येक कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट हँडीकॅममध्ये घालू नका, हेड खराब झालं की उरलेल्या चांगल्या कॅसेटही वाजणार नाहीत.